‘सौंदर्य’ कसं बनवायचं?

‘गोड’चं भाववाचक नाम गोडी की गोडवा? ‘शहाणा’चं शहाणपण होतं, ‘माणूस’ची मात्र माणुसकी. नियम विचारला तर आपण डोकं खाजवू. वॉर्सातले नेत्रवैद्य लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ साली स्वतः रचलेली भाषा छापली, तेव्हा त्यांना ही कटकट नकोच होती. ‘आशा बाळगणारा’ या अर्थी त्यांनी डॉक्टर एस्पेरांतो हे टोपणनाव घेतलं आणि तेच पुढे भाषेला चिकटलं.

युक्ती साधी आहे. शेवटी ‘ओ’ आला की नाम, ‘आ’ आला की विशेषण. गुण सांगायचा तर मधे ‘एच’ हा प्रत्यय घालायचा. यातला च ‘चांगला’मधला. अमीको म्हणजे मित्र, अमीकेचो मैत्री. होमो माणूस, होमेचो माणूसपण. समूहाला ‘आर’, म्हणून होमारो ही मानवजात. उलट अर्थासाठी शब्दाआधी ‘माल’: आमो प्रेम, तर मालामो द्वेष. (हे मला जरा खटकतं. द्वेष म्हणजे नुसतं उलटं केलेलं प्रेम?)

आता बेला, म्हणजे सुंदर. बेलेचो सुंदरपणा, ठोस वस्तूचा ‘आझ’ लावून बेलाझो, सुंदर वस्तू. पण नुसतं बेलो म्हटलं तरी सौंदर्यच होतं! मग होमो म्हणजे माणूसपण का नाही? कारण प्रत्येक मूळ शब्दाला जन्मतः एक जात असते. ‘बेल’ मुळातच गुण सांगतो, त्याला ‘ओ’ पुरतो. ‘होम’ मुळात माणूस. ‘ओ’ लावून तो माणूसच राहतो. आरशापुढच्या दोन वस्तू घ्या. ‘ब्रोस’ मुळात वस्तू, म्हणून ब्रोसो म्हणजे ब्रश. ‘कोंब’ मुळात क्रिया, म्हणून कोंबो म्हणजे विंचरणं, आणि कंगव्याला साधनाचा ‘इल’ लावून कोंबीलो म्हणावं लागतं.

ही जात शब्दाच्या कपाळावर लिहिलेली नसते, ती पाठच करावी लागते. भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांचे गणिती भाऊ रने या शब्दघडणीचे नियम शोधत बसले होते. त्यामुळे ‘अपवाद नसलेली भाषा’ ही जाहिरात मी पुरती मानत नाही. तरी गोडी-गोडव्यापेक्षा हे पुष्कळ सोपं आहे.

गंमत म्हणजे प्रत्ययालाही ‘ओ’ लावता येतो: एचो म्हणजे गुण.

फ्रातो म्हणजे भाऊ. बंधुभाव तुम्हीच बनवून पाहा.