कर कुणाचा: क्लबचा की मॅराडोनाचा?

सप्टेंबर 2009 मध्ये फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना वजन उतरवण्यासाठी उत्तर इटलीतल्या मेरानोला गेला होता. तिथे आर्थिक गुन्हे पाहणाऱ्या पोलिसांनी त्याच्या कानातलं जप्त केलं. पुढच्या जानेवारीत त्याच्या लिलावातून 25 हजार युरो आले. त्याआधी 2006 मध्ये त्याची दोन रोलेक्स घड्याळं अशीच गेली होती. इटलीच्या कर खात्याची थकबाकीची मागणी होती सुमारे 3 कोटी 70 लाख युरोंची! त्यात निम्म्याहून अधिक निव्वळ व्याज.

मॅराडोना इटलीतल्या नापोली या क्लबकडून 1984 ते 1991 खेळला. त्याच्या जोरावर क्लबने दोनदा इटलीची लीग जिंकली. वाद होता तो त्याच काळात परदेशी कंपन्यांमार्फत दिल्या गेलेल्या पैशांचा. खेळाडूची प्रतिमा जाहिरातीत वापरण्याचे हक्क या कंपन्यांकडे आणि त्याचा मोबदला म्हणून ही रक्कम, असं कागदोपत्री होतं. कर खात्याने म्हटलं, हा पगारच आहे, फक्त आडवाटेने दिलेला.

पगार म्हटला की आपल्याकडच्या टीडीएससारखी कपात आली, आणि ती करायची क्लबने. इटलीत फुटबॉलपटूंचे पगार बहुधा कर वजा जाता हातात किती पडणार, याच आकड्यात ठरतात. साहजिकच कर ही क्लबची डोकेदुखी, असं खेळाडू धरून चालतो. पण कपात झालीच नाही, तर खातं दोघांच्याही दारात उभं राहतं.

नापोली क्लब आणि याच वादात अडकलेले करेका, आलेमाओ हे त्याचे दोघे ब्राझिली खेळाडू अपिलात गेले. मॅराडोना तोवर इटली सोडून गेला होता. नोटीस आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, हे त्याचं म्हणणं. पण अपिलाची मुदत टळली आणि मागणी कायम झाली. मूळ हिशेब बरोबर की चूक, हा प्रश्नच बाजूला पडला. माझ्या मते या प्रकरणातला खरा अन्याय हाच. करचुकवेगिरीचा शिक्का बसला तो मुख्यतः तारीख चुकल्यामुळे.

ग्लासगोच्या रेंजर्सचं उलट झालं. या क्लबने खेळाडूंना ट्रस्टमार्फत ‘कर्ज’ म्हणून पैसे दिले. तो पगारच होता, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये दिला. कपात क्लबने करायला हवी होती. पण तो चालवणारी जुनी कंपनी 2012 मध्येच अवसायनात गेली होती. सरकारने वसुली करायची तरी कुणाकडून?

मॅराडोनाच्या खटल्याला कलाटणी मिळाली ती क्लबमुळेच. नापोलीने 2003 मध्ये सरकारच्या करमाफी योजनेचा लाभ घेऊन आपल्या बाजूचा वाद मिटवला होता. मॅराडोनाच्या वकिलांनी तोच धागा पकडला: कर एकच, देणेकरी दोन, क्लबने तडजोड केली असेल तर तिचा फायदा खेळाडूलाही मिळायला हवा. खालच्या न्यायालयाने 2018 मध्ये हे मानलं नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. मॅराडोना नोव्हेंबर 2020 मध्येच गेला होता, आणि ती तडजोड करणारी नापोलीची जुनी कंपनी 2004 मध्येच दिवाळखोरीत निघाली होती.