दोरी ओढण्याचा अधिकार : कारखाना आणि रुग्णालय

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात औद्योगिक क्रांतीचे प्रकरण वाफेच्या यंत्रापासून सुरू होते, सूतगिरण्यांतून फिरते आणि कामगार संघटनांच्या उदयापाशी संपते. काम कसे रचले जाते, ते एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते, लागणारा माल वेळेवर का येतो किंवा का येत नाही, याचा इतिहास त्यात नसतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांत उभी आहेत. कित्येक मुली परिचारिका झाल्या, काहीजण औषध भांडार सांभाळतात. आणि त्यांचे आईवडील, आपण सारे, रुग्णालयाच्या रांगेत उभे असतो. म्हणून या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी हा विषय निवडला.

हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात मोटारीची जोडणी सरकत्या साखळीवर आणली. गाडीचा सांगाडा जोडण्यास आधी बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो पुढील काही महिन्यांत सुमारे दीड तासावर आला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट जपानमध्ये एका मागापाशी घडली. साकिची तोयोदा हे सुताराचे पुत्र. सूत तुटले की आपोआप थांबणारा माग त्यांनी तयार केला आणि १९२४ साली त्याचे परिपूर्ण रूप बाजारात आणले. माग थांबत नसेल तर तुटलेल्या सुताचे कापड वारभर विणले जाते, आणि एकेका मागापाशी एकेक माणूस नुसता पाहत बसवावा लागतो. थांबणारा माग असला की एकच कामगार अनेक माग सांभाळतो. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले. हीच ती कंपनी, जिची यंत्रे आपल्या मुंबईच्या गिरण्यांत धडधडत होती.

येथे थोडे विषयांतर करतो. मुंबईच्या त्याच गिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि ते दुसऱ्यांना ‘बाटलेले’ वाटे. विणाईत मजुरी अधिक, आणि तेथेच आपल्या माणसांना मज्जाव. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. कामाची रचना ही केवळ यंत्रांची मांडणी कधीच नसते. कोणाचा हात कोठे चालेल आणि कोणाचा शब्द कोठे ऐकला जाईल, हेही तीच ठरवते.

साकिचींचे चिरंजीव कीइचिरो यांनी १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापली. युद्धानंतर ती डबघाईस आली. १९५० च्या मोठ्या संपानंतर दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावे लागले आणि कीइचिरो यांनाही पद सोडावे लागले. फोर्डसारखे प्रचंड साठे करण्यास या कंपनीकडे पैसा नव्हता, जागाही नव्हती. यंत्रशाळेचा कारभार पाहणारे अभियंता ताईइची ओनो यांच्यापुढे प्रश्न होता तो असा : साठा न करता काम अडणार नाही, हे कसे साधावे?

त्यांना उत्तर सुचले ते अमेरिकेतील सुपरमार्केटविषयी जे ऐकले-वाचले त्यावरून. तेथे गिऱ्हाईक फळीवरून वस्तू उचलते आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढाच माल मागून भरला जातो. ओनो यांनी हाच नियम कारखान्यात लावला. मागच्या खात्याने पुढच्या खात्यावर माल ढकलायचा नाही. पुढच्याने लागेल तेवढाच मागच्याकडून ओढून न्यायचा. त्यासाठी प्रत्येक पेटीला एक चिठ्ठी असे, तिला जपानीत ‘कानबान’ म्हणतात. पेटी रिकामी झाली की चिठ्ठी परत जाते, आणि चिठ्ठी परत येईपर्यंत नवा माल बनवायचा नाही.

हे अवघड वाटत असेल तर आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. घरी दोन सिलिंडर असतात. एक संपला की दुसरा लावतो आणि त्याच दिवशी नोंदणी करतो. आत किती गॅस उरला याचा हिशेब कोणी ठेवत नाही, वही लिहीत नाही. रिकामा सिलिंडर हाच निरोप असतो. जगभरच्या अनेक रुग्णालयांत वॉर्डातील सुया, हातमोजे, कापूस यांसाठी नेमकी हीच पद्धत वापरतात. एका खणात दोन डबे. पुढचा रिकामा झाला की तो भांडाराकडे जातो, मागचा पुढे ओढला जातो. सिस्टरला मोजदाद करावी लागत नाही आणि तो वेळ रुग्णापाशी जातो.

आपल्याकडे नेमके उलटे दिसते. काही वर्षांपूर्वी एका शासकीय रुग्णालयात मी नातेवाइकाजवळ चार दिवस होतो. व्हरांड्यात सलाइनच्या बाटल्यांची खोकी छताला टेकली होती, आणि सलाइन लावण्याचा सेट मात्र ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी हातात पडली. शेजारच्या खाटेवरील मजुराने त्या दिवसाची मजुरी त्यात घातली. पुरवठ्याच्या शास्त्रात ही विचित्र गोष्ट मानत नाहीत. ढीग आणि टंचाई या सवती नाहीत, बहिणी आहेत. एकाच छताखाली नांदतात. वरून ठरलेला कोटा खाली ढकलला की जे नको ते साचते आणि जे हवे ते मिळत नाही.

पुढचा टप्पा अधिक घातक असतो. सेट कधी येतील याचा भरवसा नसला की एखादी जाणती सिस्टर दोन खोकी कपाटात बाजूला ठेवते. तिचे चुकत नाही; रात्री दोन वाजता रुग्ण आला तर तिलाच तोंड द्यायचे असते. पण दहा वॉर्डांतील दहाजणी असेच करतात, भांडार रिकामे पडते, भांडारपाल घाबरून दुप्पट मागणी नोंदवतो, जिल्ह्यावरून राज्याकडे ती चौपट होऊन जाते. कोठेच रुग्ण वाढलेले नसतात, वाढलेली असते ती धास्ती. सहा महिन्यांनी तोच माल मुदतबाह्य होऊन एखाद्या खोलीत सापडतो, आणि वर्तमानपत्रात बातमी येते ती कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची.

या दुष्टचक्रातून बाहेर पडता येते, हे तामिळनाडूने दाखवले. तेथील शासनाने १९९४ साली औषधखरेदीसाठी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि १९९५ पासून ते काम करू लागले. अत्यावश्यक औषधांची मोजकी यादी केली, खरेदी एकत्र केली, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली. गोदामात आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज तो वाटायचा नाही, असा दंडक घातला. मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती मात्र पासबुकाची योजना. प्रत्येक रुग्णालयाला आणि आरोग्य केंद्राला बँकेसारखे पासबुक दिले. त्यात वर्षाला किती रकमेची औषधे मिळतील ते लिहिलेले. त्या मर्यादेत कोणते औषध, किती व केव्हा न्यायचे हे केंद्राने ठरवायचे. ज्या भागात सर्पदंश अधिक तेथे सर्पदंशाची लस अधिक जाईल, जेथे हिवताप नाही तेथे हिवतापाच्या गोळ्या पडून राहणार नाहीत. ओनो यांचाच ओढण्याचा नियम हा, फक्त पेटीवरच्या चिठ्ठीऐवजी पासबुक. केरळ, राजस्थान या राज्यांनी पुढे याच धर्तीवर महामंडळे काढली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी एका ठिकाणी आणणे हा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा, म्हणजे टोकाच्या उपकेंद्राच्या हातात पासबुक देणे, त्याहून कठीण असतो, कारण त्यात अधिकार खाली द्यावा लागतो.

साठा शून्यावर आणणे हे ध्येय मानणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला ब्रेकचा एक छोटासा झडपभाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तो भाग जवळजवळ सर्वस्वी तेथेच बनत असे आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधील बहुतेक सारे कारखाने थांबले. इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो भाग बनवून दिला आणि आठवड्याभरात गाडा पुन्हा चालू लागला, ही त्यातली कौतुकाची बाजू. तरीही गाडी आठवडाभर थांबू शकते. श्वास थांबू शकत नाही. प्राणवायू, रक्त, सर्पदंशाची लस यांचा साठा थोडा अधिक ठेवणे ही उधळपट्टी नव्हे. २०२१ च्या उन्हाळ्यात हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता रांगेविषयी थोडेसे. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली कारखान्याच्या कारभारावर चक्क एक कादंबरी लिहिली, ‘द गोल’ नावाची. तीत डोंगरवाटेने निघालेल्या मुलांची एक रांग आहे. रांगेचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाइतकाच राहतो. पुढच्यांनी पळून उपयोग नसतो, फक्त अंतर वाढते. त्या मुलाच्या पाठीवरचे ओझे इतरांनी वाटून घेतले की सारी रांग लवकर पोहोचते. आमच्या सहलींत हा प्रयोग आपोआप होत असतो! मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात हेच तत्त्व दिसते. तेथे दुर्मीळ वेळ शल्यविशारदाचा. म्हणून शस्त्रक्रियागृहात दोन टेबले. एकावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार ठेवलेला. तपासणी, तयारी, समजावणे ही कामे खेड्यांतून येऊन तेथेच प्रशिक्षण घेतलेल्या तरुणी करतात. डोळ्यांत बसवायचे परदेशी भिंग महाग पडते म्हणून १९९२ मध्ये संस्थेने ऑरोलॅब ही स्वतःची निर्मितीशाळा काढली. जे पैसे देऊ शकतात त्यांच्यावर येथे गरिबांची मोफत शस्त्रक्रिया चालते.

टोयोटाच्या जोडणी साखळीवर डोक्याच्या उंचीवर एक दोरी बांधलेली असते. कामगाराला काही चुकल्याचे दिसले की त्याने ती ओढायची. फळ्यावर दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि ठरलेल्या अंतरात दोष सुटला नाही तर साखळीच थांबते. तुटल्या सुताला थांबणाऱ्या मागाचा हा वारसा आहे, पण येथे थांबवणारे यंत्र नसून माणूस आहे, आणि तोही सर्वांत खालच्या पायरीवरचा. मग ओनो विचारायला लावत ते ‘का?’, एकदा नव्हे, पाच वेळा. यंत्र का थांबले? फ्यूज उडाला. का? भार वाढला. का? बेअरिंगला वंगण पुरले नाही. का? पंप वंगण खेचत नव्हता. का? पंपाला जाळी नव्हती, त्यात धातूचा चुरा गेला. पहिल्याच उत्तरावर थांबलो असतो तर फ्यूज बदलून मोकळे झालो असतो, आणि कदाचित एखाद्या माणसाला दंडही करून.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन २००२ साली आपल्या सहकाऱ्यांसह जपानला गेले. डॉक्टरमंडळी कारखाना पाहायला गेली म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. परत येऊन त्यांनी दोरीचा नियम लावला : रुग्णाला धोका दिसला तर कोणीही, अगदी कोणीही, काम थांबवू शकेल. नियम झाला, पण भीती लगेच गेली नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये ६९ वर्षांच्या एका महिलेवर उपचार चालू असता तिच्या रक्तवाहिनीत क्ष-किरण चित्रासाठीच्या द्रवाऐवजी जंतुनाशक टोचले गेले. टेबलावर तीन भांडी होती, तिन्हींत पाण्यासारखा स्वच्छ द्रव, आणि एकावरही नाव लिहिलेले नव्हते. आधी वापरात असलेले जंतुनाशक तपकिरी रंगाचे होते. ते बदलून रंगहीन आणले गेले होते. ती महिला दगावली. रुग्णालयाने प्रकरण दडपले नाही. चूक जाहीर केली, माफी मागितली. टोचणाऱ्या हातावर सारा दोष ढकलून फाइल बंद करता आली असती. त्याऐवजी नाव न लिहिलेली तीन भांडी शेजारी ठेवू देणारी पद्धत शोधली गेली. त्यानंतर तेथे दोरी ओढणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि व्यवस्थापनाने ती वाढ चांगली खूण मानली.

टोयोटाचे गोडवेच गाऊ नयेत. सातोशी कामाता या जपानी पत्रकाराने तेथे हंगामी कामगार म्हणून काही महिने काम करून १९७३ साली पुस्तक लिहिले. वेग किती निर्दय होता आणि माणसे कशी झिजत होती, हे त्यात आहे. ‘वाया जाणारे काढून टाका’ या वाक्याचा अर्थ पुष्कळ मालक ‘माणसे काढून टाका’ असा लावतात. ओनो यांनी वायफळ म्हणून मोजलेल्या सात गोष्टी आहेत : गरजेहून अधिक उत्पादन, खोळंबा, विनाकारण वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, निरर्थक हालचाल आणि सदोष माल. त्या यादीत कामगार नाही.

आपल्या रुग्णालयांत सर्वांत अधिक चालणारी माणसे म्हणजे मावशी आणि मामा. कोणत्या ट्रॉलीचे चाक अडते, लिफ्ट बंद पडली की रक्ताचा नमुना किती उशिरा पोहोचतो, रात्रपाळीला लिननच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, हे त्यांना तोंडपाठ असते. सुधारणा सुरू करण्यास संगणक लागत नाही. एका मावशीने हातात घड्याळ घेऊन केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या खिडकीपर्यंत एका रुग्णाबरोबर जावे, आणि प्रत्येक ठिकाणी तो किती मिनिटे नुसता उभा राहिला ते लिहावे. तो कागद घेऊन तिला अधीक्षकांच्या खोलीत शिरता आले पाहिजे, आणि बसायला खुर्ची मिळाली पाहिजे.