उतारावरचे गवत आणि छोटा ट्रॅक्टर

पावसाळा सरत आला की कोकणातल्या बागायतदारांकडून एक प्रश्न हमखास येतो. "बागेतले गवत काढायला छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. किती हॉर्सपॉवरचा घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या बागेचा उतार किती?" यावर बहुतेक वेळा उत्तर मिळते, "तसा बराच आहे." हा 'बराच' नेमका किती, हे कळल्याशिवाय ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पाऊल टाकू नये, एवढेच आज मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

प्रश्न तसा नवा नाही. महाराष्ट्रात १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर, डोंगरउतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. पावसाळ्यात या बागांत कमरेएवढे गवत माजते. ते वेळेवर काढले नाही, तर दिवाळीनंतर वाळते आणि कुठून तरी उडालेली एक ठिणगी वीस-पंचवीस वर्षे जोपासलेली बाग दुपारभरात होरपळून टाकते. पूर्वी विळा-कोयती घेऊन दहा-पंधरा माणसे आठवडाभर खपत. आता तेवढी माणसे गावात मिळत नाहीत. म्हणून ट्रॅक्टरचा विचार अगदी रास्त आहे. मात्र सपाट शेतात गुणी ठरलेला ट्रॅक्टर उतारावर चालवणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो, हेही तितकेच खरे.

आधी उतार मोजू. त्यासाठी महागडे यंत्र नको. एक मीटर लांबीची सरळ फळी, गवंड्याकडची पाणसळ आणि मोजपट्टी एवढे पुरे. फळीचे एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेका, पाणसळ ठेवून फळी आडवी सरळ धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. ते १८ सेंटिमीटर भरले तर उतार १० अंश, २७ भरले तर १५ अंश आणि ३६ भरले तर २० अंश. इथे एक घोटाळा टाळायला हवा. अंश आणि टक्के एक नव्हेत. १५ अंशांचा उतार म्हणजे सुमारे २७ टक्के. १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. विक्रेता नुसता आकडा सांगू लागला, तर अंश की टक्के हे आधी विचारून घ्यावे.

बसून चालवायच्या गवतकाप यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत बहुधा १५ अंशांची मर्यादा छापलेली असते, काहींत त्याहूनही कमी. पुष्कळांना ही मर्यादा म्हणजे कंपनीची अतिसावधगिरी वाटते. आपण हिशेब करून पाहू. समजा, मागच्या चाकांमधले अंतर एक मीटर आहे आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे. कागदावर असे यंत्र ४० अंशांच्या आसपास कलले तरच कडेला उलटेल. मग १५ वरच का थांबायचे?

पहिले कारण ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे. तो चार पायांच्या टेबलासारखा दिसतो, पण वागतो तिवईसारखा. पुढचा आस मधल्या एका खिळीवर डुलता बसवलेला असतो, म्हणजे ट्रॅक्टरचा आधार मागची दोन चाके आणि पुढची ती खिळ. तोल या त्रिकोणात सांभाळायचा असल्याने तो कागदावरच्या आकड्याच्या आधीच जातो. दुसरे कारण जमिनीत आहे. उताराला आडवे जाताना वरचे चाक गवतात दडलेल्या १५ सेंटिमीटरच्या जांभ्या दगडावर चढले की कल साडेआठ अंशांनी वाढतो. त्याच क्षणी खालचे चाक तेवढ्याच खोल खड्ड्यात गेले, तर १५ अंशांचा उतार ३२ अंशांवर जातो. त्यात वळण, वेग आणि दवाने ओले झालेले गवत यांची भर पडली, की शिल्लक काहीच उरत नाही. कमरेएवढ्या गवतात दगड आणि खड्डा दिसत नाहीत, हे तर आपण जाणतोच.

आता ट्रॅक्टर निवडू. पहिला निकष रुंदी आणि ठेंगणेपणा. बाजारातले बरेचसे छोटे ट्रॅक्टर द्राक्षबागेच्या ओळींतून जावेत म्हणून मुद्दाम अरुंद केलेले असतात. नाशिकच्या सपाट द्राक्षमळ्यात तो गुण आहे. रत्नागिरीच्या उतारावर तोच दोष ठरतो. आंब्याची जुनी लागवड दहा-दहा मीटरवर असते, तिथे अरुंद ट्रॅक्टरची गरजच नाही. मागच्या चाकांच्या तबकड्या उलट्या बसवून दोन चाकांमधले अंतर वाढवता येते का, हे विक्रेत्याला विचारा. येत असेल तर ते वाढवूनच घ्या. टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरले की वजन खाली येते आणि तोल सुधारतो. यंत्राला स्थैर्य देण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

दुसरा निकष चारही चाकांना ओढ असण्याचा. 'फोर व्हील ड्राइव्ह' चढण्यासाठी घ्यायची, असा सर्वसाधारण समज आहे. तिचा खरा उपयोग उतरताना होतो. छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतात. उतरताना वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची हलकी होतात आणि ब्रेक दाबताच ती गवतावरून घसरू लागतात. चारही चाके जोडलेली असली, तर पुढची चाकेही रोखून धरतात. २४ अश्वशक्तीच्या आसपासचे असे ट्रॅक्टर आपल्याकडे मिळतात. महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा बी २४४१ ही त्यांतली परिचित नावे. ही शिफारस नव्हे. कोणत्या प्रकारचे यंत्र, ते कळावे म्हणून सांगतो. गवतापुरती तेवढी ताकद पुरते. अधिक ताकद म्हणजे अधिक सुरक्षितता, असा काही नियम नाही.

तिसरा निकष, आणि याबाबतीत तडजोड करू नये: चालकाच्या मागे उभी असणारी लोखंडी कमान आणि आसनाचा पट्टा. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक कमान किंवा केबिन सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. ट्रॅक्टर उलटायचा थांबला नाही, पण माणूस त्याखाली चिरडणे थांबले. आपल्याकडे अनेक छोटे ट्रॅक्टर कमानीशिवायच विकले जातात. ती वेगळी मागून घ्या, पण कंपनीचीच घ्या. गावच्या वेल्डरकडून नळ्या वाकवून केलेली कमान ऐनवेळी दगा देते. कमान असेल तर पट्टा बांधायचाच, नाही तर माणूस कमानीबाहेर फेकला जातो. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. आंब्याच्या फांद्या लागतात म्हणून घडीची कमान दुमडून ठेवण्याची सवयही नको. त्यापेक्षा फांदी छाटलेली बरी.

गवत कापायचे अवजार निवडताना फिरत्या पात्यांच्या स्लॅशरपेक्षा फ्लेल मोवर बरा. त्याची पाती लोंबती असतात, दगडावर आपटली तर मागे वळतात आणि दगड लांब फेकला जाण्याचा धोका कमी होतो. २४ अश्वशक्तीला चार फुटांच्या आसपासची रुंदी पुरे. मोवरच्या वजनाने पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हाती लागत नाही, म्हणून पुढे वजने लावून घ्यावीत.

चालवतानाचे नियम थोडेच आहेत. गवत उताराच्या दिशेने, वरून खाली येताना कापावे, आडवे जाऊन नव्हे. वर जाताना मोवर बंद करून हलक्या उताराची वाट धरावी. तशी वाट नसेल तर रिव्हर्समध्ये चढावे. उतरण्यापूर्वीच सर्वांत हळू गिअर टाकावा. मध्येच क्लच दाबू नये की न्यूट्रल करू नये, कारण मग इंजिनाची पकड सुटते. ब्रेकची दोन्ही पेडले खिटीने जोडून ठेवावीत. उतारावर एकच चाक अडले तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. आणि सकाळचे दव सुकेपर्यंत थांबावे.

१५ अंशांच्या पुढची जमीन? तिथे ट्रॅक्टर न्यायचाच नाही. स्वित्झर्लंडची एबी किंवा ऑस्ट्रियाची रिफॉर्म या कंपन्या आल्प्समधल्या कुरणांसाठी खास ठेंगणी, रुंद यंत्रे बनवतात, पण ती आपल्या बागायतदाराच्या आवाक्यातली नव्हेत. आपल्याला पाठीवरचा किंवा खांद्याला अडकवायचा ग्रास कटर आहे. गमबूट आणि डोळ्यांना गॉगल घालून, उताराला आडवे चालत कापावे. शिवाय सगळेच गवत काढायला हवे, असेही नाही. बागेच्या हद्दीलगत रुंद जाळरेषा आणि प्रत्येक कलमाभोवतीचे आळे स्वच्छ असले, तर वणव्याची भीती बरीच कमी होते. मधल्या तीव्र उतारावर गवताची मुळे राहिली, तर पुढच्या पावसात माती धरून ठेवतील.

म्हणून आधी बागेचा कच्चा नकाशा काढा. १० अंशांपर्यंतचा भाग, १० ते १५ अंशांचा भाग आणि त्यापुढचा भाग अशा तीन रंगांत तो रंगवा. पहिला भाग मोठा असेल तर ट्रॅक्टरचा विचार जरूर करा. दुसऱ्या भागात फक्त चारही चाकांची ओढ, कमान आणि पाणी भरलेले टायर असलेलाच ट्रॅक्टर न्या. मात्र माहितीपुस्तिकेतली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळा. तिसरा भाग मोठा असेल तर त्या पैशांत चार चांगले ग्रास कटर आणि ते चालवणाऱ्या माणसांची मजुरी भागेल, आणि ट्रॅक्टर न घेणे हाच योग्य निर्णय ठरेल. विक्रेत्याकडून प्रात्यक्षिकही शोरूमसमोरच्या रस्त्यावर नव्हे, आपल्याच बागेत मागा. पण मोजलेल्या उतारावर आणि कमान लावलेल्या ट्रॅक्टरनेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)