वाहनमालकाचा मृत्यू आणि मालकीचे हस्तांतरण : कायदेशीर तरतुदी

प्रस्तावना : कुटुंबप्रमुखाच्या निधनानंतर घर, जमीन व बँकेतील ठेवी यांच्या नोंदी बदलण्याकडे वारस लक्ष देतात, दारातील वाहन मात्र अनेकदा मृताच्याच नावावर राहते. अपघात घडल्यास ही दिरंगाई वारसांना अडचणीत आणते.

तरतुदी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार वाहनाचा ताबा मिळालेल्या व्यक्तीने हस्तांतरणासाठी अर्ज करणे आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ अन्वये, मालकाच्या मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास दिल्यास वारसास तीन महिने वाहन वापरता येते. याच मुदतीत नमुना ३१ मधील अर्जासोबत मृत्यूचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र व विमा प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. २०२१ च्या दुरुस्तीने मालकास हयातीतच नामनिर्देशनाची सोय उपलब्ध झाली. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास वित्तपुरवठादाराची संमतीही लागते.

समारोप : नोंदणी हा केवळ कागदी उपचार नव्हे, अपघातग्रस्ताने भरपाई कोणाकडे मागावी, हे प्रामुख्याने तिच्यावरून ठरते. वारसांमधील हक्काचा वाद मात्र उत्तराधिकाराच्या कायद्यानेच सुटतो. म्हणून वारसांनी आपसांत सहमती करून मुदतीत अर्ज करणे हिताचे ठरते.