मतलई वारा, ओहोटी आणि परतीचं गणित
पाण्यावरची वाट : लेखांक सहावा

मागच्या लेखात आपण दुधनीच्या जलाशयात कयाक मुद्दाम उलटवायला शिकलो. स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती बसून होडीचं तोंड झाकणाऱ्या कापडाची, दोरी ओढायची, मांड्या सैल सोडायच्या, पुढे वाकून बाहेर यायचं आणि डोकं वर निघताच एक हात होडीवर, दुसरा वल्ह्यावर. हे जमायला लागलं की सिल्वासातल्या प्रत्येक नवशिक्याच्या तोंडी एकच प्रश्न येतो : आता दमणला कधी?

प्रश्न रास्त आहे. नदी तीच. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा मधुबन धरणात अडते, तिथून सिल्वासाला आणि वापीला वळसे घालते आणि नानी दमण व मोटी दमण या दोन किल्ल्यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. दुधनी म्हणजे याच धरणाच्या फुगवट्याचं पाणी. सिल्वासाहून दुधनी जितकं लांब, त्यापेक्षा दमण जवळ. पण दुधनीला तुम्ही वल्हं मांडीवर ठेवून नुसते बसलात, तर वारा फार तर पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला नेऊन लावतो. जलाशयाला चहूबाजूंनी काठ आहे. समुद्रावर तसेच बसलात, तर पाणी तुम्हाला कुठेतरी नेतच असतं. एका बाजूला तर काठच नाही. दुधनीत वर्षभर घोटलेलं कौशल्य दमणला उपयोगी पडतं, मात्र तिथे जीव वाचतो की नाही हे बहुतेक वेळा होडी पाण्यात ढकलण्याआधी, वाळूवर उभं असतानाच ठरलेलं असतं. आजचा लेख त्याबद्दल.

आधी पाणी. खंभातचं आखात उत्तरेकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरणारं भरतीचं पाणी कोंडून वर चढतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास असतो, भावनगरला तोच दहा मीटरच्या आसपास जातो. दमण या दोहोंच्या मध्ये येतं. दमणच्या जांपोर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभं राहिलं की याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो : समुद्र दूर गेलेला, मध्ये ओल्या चिखल-वाळूचं मैदान. देवका किनाऱ्यावर तर मध्ये खडक उघडे पडतात. नदीच्या मुखात मासेमारीच्या होड्या गाळावर कुशीला टेकून बसतात.

हे पाणी सहा तासांत एकसारखं उतरत नाही. दर्यावर्दी लोक बारा हिस्स्यांचा हिशेब वापरतात. पहिल्या तासात एकूण फरकाचा एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पाच मीटरची ओहोटी असेल, तर मधल्या दोन तासांतच अडीच मीटर पाणी निघून जातं. मोकळ्या किनाऱ्यावर हा वेग जाणवत नाही, अरुंद मुखात तो अंगावर येतो. दोन नॉटचा प्रवाह म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर. नवशिका माणूस तासभर टिकवू शकेल असा वल्हवण्याचा वेग ताशी चार, फार तर पाच किलोमीटर. अशा प्रवाहाविरुद्ध तो परत फिरला, तर तासभर घाम गाळून जेमतेम किलोमीटरभर सरकेल. आणि तासभर तो टिकणार नाही.

भरतीची वेळ काढायचा कोकणातल्या मच्छीमारांचा हिशेब आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता : तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब मुंबई आणि तिच्या दक्षिणेच्या किनाऱ्याला बरा लागू पडतो. भरती आखातात वर चढत जाते तसा तिला उशीर होतो, त्यामुळे दमणला ती मुंबईच्या मागून येते. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक पाहायचंच. तरीही मी प्रत्येक शिकणाऱ्याला तिथीचा हिशेब आधी शिकवण्याच्या बाजूचा आहे. कोष्टक एका दिवसाचा आकडा देतं. तिथी डोक्यात असली की आख्खा पंधरवडा दिसतो : पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उतार, आणि भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकणारी.

आता वारा. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे परीक्षेतल्या दोन गुणांपुरते उरत नाहीत. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत, पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की खारा वारा उलटा येतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. दुपारचा समुद्र खवळलेला दिसतो, लाटांची टोकं पांढरी होतात, आणि माणूस आपोआप सावध होतो. सकाळचा फसवतो. किनाऱ्यावरची सुरूची झाडं, घरं, किल्ल्याची तटबंदी वारा अडवतात, म्हणून काठालगतचं पाणी काचेसारखं सपाट. लाट उठायला वाऱ्याला मोकळं अंतर लागतं, ते काठाशी नसतं. तुम्ही आत जाता तसा आडोसा संपतो, वारा पाठीवर येतो, होडी सुरेख पळते, आणि आपण आज छान वल्हवतोय असं वाटतं. मागे वळून पाहीपर्यंत देवकाची हॉटेलं आगपेटीएवढी झालेली असतात.

पाणी आणि वारा एकत्र ठेवून पाहिलं की दमणचं खरं वेळापत्रक उलगडतं. उधाणाच्या दिवशी भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी लवकर समुद्र दूर गेलेला असतो आणि होडी चिखलातून न्यावी लागते. दुपारनंतर ओहोटी सुरू होते, आणि तिचे सर्वांत जोराचे तास नेमके खाऱ्या वाऱ्याच्या जोराच्या तासांवर पडतात. बाहेर धावणारं नदीचं पाणी आणि आत ढकलणारा वारा मुखाशी समोरासमोर येतात, तिथे लाटा आखूड, उभ्या आणि जागच्या जागी फुटणाऱ्या होतात. उधाणाच्या दुपारी दमणगंगेचं मुख नवशिक्यासाठी बंद समजावं.

अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत मात्र भरती सकाळी येते, पाणी काठाजवळ असतं आणि प्रवाह मंद असतो. पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्यांसाठी मी नवमी ते एकादशी याच तिथी निवडेन. भरतीच्या टोकाआधी तासभर निघायचं, मुखापासून दूर, किनाऱ्याला समांतर, पोहून काठ गाठता येईल इतक्याच अंतरावर राहायचं आणि ओहोटीने अंग धरायच्या आत वाळूवर यायचं. कारण भांगाची का असेना, ओहोटी आणि मतलई वारा दोघंही एकाच दिशेला ओढतात. त्या जोडीने काय होतं, हे जगाने एकदा पाहिलं आहे.

२२ मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा लाइम बे. प्लिमथच्या एका शाळेतली आठ मुलं-मुली, त्यांचे एक शिक्षक आणि साहस-केंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम रेजिसहून चारमथला निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, किनाऱ्याला समांतर. दुपारच्या जेवणाला परत यायचं होतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. सुरुवातीलाच शिक्षकांची कयाक उलटली, मग पुन्हा उलटली. एक प्रशिक्षक त्यांच्याजवळ थांबला. दुसरीने आठही मुलांना एकमेकांच्या होड्या धरून तराफ्यासारखं एकत्र ठेवलं. वर्गात शिकवतात तसंच. आणि तो तराफा वाऱ्याबरोबर आत वाहत गेला. मुलांच्या होड्यांना स्प्रे स्कर्ट नव्हते. बाहेरच्या लाटांचं पाणी आत भरत गेलं आणि होड्या एकेक करून बुडाल्या. कुणाजवळ रेडिओ नव्हता, संकटात पेटवायचे फ्लेअर नव्हते. मुलं दहा अंशांहून थंड पाण्यात कित्येक तास होती. चार जण गेले, सगळे किशोरवयीन.

या घटनेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पाण्यावर घडलेली नाही. गट दुपारी बाराच्या सुमारास परत यायचा होता, आणि तटरक्षकांना खबर गेली ती साडेतीनच्या आसपास. साडेतीन तास किनाऱ्यावरची माणसं ‘येतील आता’ म्हणत राहिली. त्याआधीच्या वर्षी केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षेच्या त्रुटी सांगणारं पत्र व्यवस्थापनाला लिहून नोकरी सोडली होती. खटला झाला, १९९४ मध्ये कंपनी आणि तिचा संचालक दोषी ठरले, संचालक तुरुंगात गेला, आणि १९९५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने मुलांच्या साहस-केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

आपलं पाणी इतकं थंड नाही, हे खरं. अरबी समुद्रात गारठून मरण्याची भीती फार कमी. पण ऊन, तहान आणि थकवा तेच काम जरा सावकाश करतात. आणि बाकीची साखळी जशीच्या तशी इथे जुळू शकते : किनाऱ्याकडून वारा, नवखा गट, उघड्या होड्या, एक जण उलटताच दोन तुकडे, आणि काठावर घड्याळ न पाहणारी माणसं.

म्हणून दुधनीतल्या सरावाला मी एक अट जोडतो. स्वतः उलटून बाहेर येणं हा निम्माच धडा आहे. दुसऱ्याला होडीत परत बसवणं जोवर पाच मिनिटांच्या आत जमत नाही, तेही वारा सुटलेला असताना, तोवर दमणचं नाव काढू नये. लाइम बेमध्ये गट फुटला तो एका माणसाला लवकर पुन्हा होडीत स्थिर करता न आल्यामुळे. त्यासाठीचा सराव जलाशयाच्या मधोमध, दुपारच्या वाऱ्यात करावा. काठाजवळच्या शांत पाण्यात तो सगळ्यांनाच जमतो. पाणी उतरलेल्या महिन्यांत बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहावं.

लाइफ जॅकेटबद्दल थोडक्यात. घातल्यावर सोबत्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढावं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यातही ते तसंच निसटेल. डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांची होडी उलटून तीन मुली गेल्या. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या, तिथे होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. दोन्ही जागा आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. जॅकेट होडीत पायाशी ठेवून निघालेल्या कुणालाही सोबत घेऊ नये, तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

निघण्याआधी नानी दमणच्या जेट्टीवर टंडेलांपैकी कुणाला तरी विचारावं. पिढ्यान्‌पिढ्या या मुखातून होड्या नेलेली ही माणसं आहेत, वाऱ्याचा वास त्यांना आधी येतो. प्रश्न मात्र नीट विचारायचा. ‘आज समुद्र कसा आहे’ असं विचारलं तर ते त्यांच्या इंजिनाच्या होडीच्या हिशेबाने ‘चांगला आहे’ म्हणतील. ‘हाताने वल्हवत जायचंय, दहाच्या आत परत यायचंय, वारा कधी फिरेल?’ असं विचारलं की उत्तर बदलतं. जूनपासून मासेमारी बंद होते, त्या दिवसांत आपणही समुद्राकडे होडी वळवायची नाही. तेव्हा दुधनीही भरत असते, तिचाही गढूळ लोंढा ओसरू द्यावा.

आणि काठावरचा माणूस. आपल्या किनाऱ्यावर कयाकने सर्वांत लांबचे प्रवास करणाऱ्यांत मुंबईचे कौस्तुभ खाडे. २०१५ मध्ये त्यांनी मुंबई ते गोवा हे सुमारे चारशे किलोमीटर अंतर कापलं, पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा वल्हवला. या दुसऱ्या प्रवासात शांजली शाही किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून सोबत होत्या. इतका अनुभवी माणूस जमिनीवर कुणीतरी ठेवून निघतो, तर रविवारच्या दोन तासांसाठी आपणही ठेवावं. तो माणूस गटातलाच हवा. चहाच्या टपरीवाल्याला ‘लक्ष ठेवा’ म्हणणं पुरेसं नाही. त्याच्या हातात एक कागद द्यायचा : कोण कोण गेलं, होड्यांचे रंग, कुठून कुठे, आजची भरती किती वाजता, परत यायची वेळ, आणि त्याखाली दुसरी वेळ, ज्यानंतर वाट पाहायची नाही. परत यायचं साडेनऊला असेल, तर ही दुसरी वेळ दहाची. साडेनऊ ते दहा त्याने पाण्यावर गेलेल्यांच्या मोबाइलवर फोन लावत राहायचं. मोबाइल जलरोधक पिशवीत आणि जॅकेटला बांधलेला असतो, होडीला नाही, कारण होडी सुटू शकते. दहा वाजता भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवायचा. दमणला तटरक्षक दलाचा हवाई तळच आहे. आपण सव्वादहाला हसत परत आलो, तर त्याने पुन्हा फोन करून तसं कळवायचं. त्याच्यावर कुणी रागवायचं नाही, हे निघण्याआधी सगळ्यांच्या देखत सांगून ठेवावं, नाहीतर दहा वाजता त्याचा हात कचरतो.

पुढच्या लेखात दोन होड्या काटकोनात आणून उलटलेल्याला परत बसवायची पद्धत पाहू. पाणी भरलेल्या होडीचं नाक सोबत्याच्या होडीवर कसं चढवायचं, तिथून सुरुवात करू.