हमीची मुदत संपल्यावर

नवी गाडी घेतली की कंपनी हमी देते. तिलाच वॉरंटी म्हणतात. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, यांतले जे आधी भरेल तिथे हमी संपते. पुढे मोडतोडीचा खर्च आपला. पण प्रत्येक वेळी तसेच असते असे नाही.

समजा, गडहिंग्लजजवळच्या एका शेतकऱ्याने मिरची, भुईमूग बाजारात न्यायला टेम्पो घेतला. हमी असतानाच गिअर अडकू लागला. त्याने दोनदा गाडी कंपनीच्या वर्कशॉपात दाखवली. "काही होत नाही, चालवा," असे सांगून त्यांनी ती परत दिली. हमी संपली, आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला. टेम्पो बंद म्हणजे कमाई बंद. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही! मग सगळा खर्च त्याने मुकाट्याने सोसायचा काय? मुळीच नाही. दोष हमीच्या मुदतीतच दिसला होता. मात्र ते कागदावर पाहिजे.

गाडी आत घेताना वर्कशॉपवाले जो कागद करतात, त्याला जॉबकार्ड म्हणतात. पुष्कळदा त्यावर नुसते 'सर्व्हिस' एवढेच लिहितात. तुम्हांला आता वाचता येते. सही करण्याआधी वाचा. 'गिअर अडकतो' हे शब्द नसतील तर लिहायला लावा. कार्ड इंग्रजीत असेल तर आपल्या हाताने मराठीत लिहा. भीड धरू नका. एक प्रत घरी आणा. मोडलेला भागही मागून घ्या. पुढे तोच पुरावा होतो.

मग कंपनीला पत्र लिहा. सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झाल्या असतील तर कंपनी कधी कधी खर्चाचा वाटा उचलते. ब्रेक, टायर, क्लचप्लेट झिजली म्हणून मात्र मागू नये. ती झिजायचीच.

कधी दोष मुळात कारखान्यातलाच असतो. २०२० च्या जुलैत मारुती सुझुकीने वॅगन आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या पंपात दोष असल्यास तो फुकट बदलून दिला. तुमच्या गाडीबद्दल असे काही आहे का, हे चासी नंबर सांगून विचारावे.

कंपनीने दाद दिली नाही तर कोल्हापूरला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. वकील लागतोच असे नाही. गाडी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही; पाच ते दहा लाखांना २०० रुपये. पोटासाठी स्वतः टेम्पो चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे.

त्याआधी १९१५ या नंबरवर फोन करून पाहावा. तिथे मराठीत बोलता येते.