नाणेघाटात टाकलेलं रॅपर समुद्रावर कसं पोहोचतं? ते थांबवायला फोन असा वापरा

समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा म्हटलं की आपल्याला अलिबाग, गणपतीपुळे नाहीतर गोवा आठवतं. जुन्नर-आंबेगावचा त्याच्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो साधा पाण्याच्या उताराचा आहे. मी या भागातलाच. पावसाळ्यात नाणेघाट, माळशेज, आहुपे अशा माझ्या चकरा चालूच असतात. आज आपण आधी हा कचरा जातो कुठे ते बघू, आणि मग खिशातल्या फोनने काय करता येतं ते बघू.

कचऱ्याचे दोन रस्ते

आपल्याकडचे घाट सह्याद्रीच्या धारेवर आहेत. इथून पाणी दोन बाजूंना वाहतं.

पश्चिमेकडे: नाणेघाट किंवा माळशेजच्या कड्यावरून खाली गेलेली बाटली मुरबाड तालुक्यात पडते. तिथले ओढे-नाले उल्हास नदीच्या खोऱ्यातले. उल्हास वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे पावसाळ्यात हा रस्ता फार लांबचा नाही.

पूर्वेकडे: पठारावरचं पाणी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांत येतं. पुढे घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पण इथला प्रत्येक पुडा समुद्रात जातो असं नाही. वाटेत माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत, पुढे उजनी आहे. बराचसा कचरा तिथेच अडकतो. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे होत जातात. हेच पाणी शेताला आणि नळाला येतं. त्यामुळे समुद्र राहू द्या, पहिला फटका आपल्यालाच बसतो.

रॅपरच का पडून राहतात?

पाण्याच्या बाटलीला भंगारवाला थोडेफार पैसे देतो. वेफर्सच्या पाकिटाला कोणी देत नाही. कारण त्यात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही. जिला किंमत नाही ती वस्तू कोणी उचलत नाही, एवढं साधं गणित आहे. त्यात नाणेघाटात वारा असा की धबधब्याचं पाणी उलटं वर येतं. तिथे हलकं रॅपर हातातून सुटलं की संपलं.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आहे. पण वेफर्सचं पाकीट या बंदीत येत नाही. म्हणून ते कमी करणं आपल्या हातात उरतं.

फोनने काय करायचं?

१. निघण्याआधी ऑफलाइन मॅप घ्या. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करा, ‘ऑफलाइन मॅप्स’ उघडा आणि जुन्नर ते भीमाशंकर हा भाग निवडून डाउनलोड करा. वाटेत कुठे कचरापेटी दिसली तर तिथे पिन टाकून ठेवा, परतताना शोधाशोध होत नाही.

२. कचऱ्याचा फोटो लोकेशनसकट काढा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू केलं की फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश, रेखांश आणि वेळ साठवली जाते. घरी आल्यावर ते परत बंद करा, नाहीतर घरच्या फोटोंतही तुमचा पत्ता जाईल.

३. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर लोकेशनची माहिती निघून जाते. अटॅचमधून डॉक्युमेंट निवडून पाठवला तर मूळ फाइल तशीच पोहोचते. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.

४. योग्य ठिकाणी पाठवा. जुन्नर शहरातल्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारचं ‘स्वच्छता’ ॲप आहे, पण ते शहरी भागापुरतंच. घाटातला फोटो त्या गावच्या ग्रामपंचायतीला द्या, जंगलातला असेल तर वन विभागाला. भीमाशंकर अभयारण्य शेकरूचं घर आहे, तिथला कचरा वन विभागाकडेच कळवायचा.

५. नोंद जगाच्या नकाशावर टाका. ‘ओपनलिटरमॅप’वर लोकेशन असलेला फोटो टाकला की कचऱ्याचा प्रकार आणि ब्रँड नोंदवता येतो. ब्रँड कशाला? कारण आपल्या कायद्यात प्लास्टिक पॅकिंग करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करायची जबाबदारी आहे. कोणाचं पाकीट किती सापडतं याची नोंद असली की बोलायला पुरावा मिळतो.

बाटलीवर दहा रुपये डिपॉझिट

मला सगळ्यात भारी वाटलेला उपाय केदारनाथचा. तिथे २०२२ मध्ये बाटल्यांवर क्यूआर कोडचं स्टिकर लावून दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली परत दिली, कोड स्कॅन झाला की दहा रुपये परत. प्रत्येक कोड वेगळा असल्याने एकाच बाटलीवर दोनदा पैसे काढता येत नाहीत. पर्यटकाने बाटली फेकली तरी ती उचलणाऱ्या माणसाला दहा रुपये मिळतात. तमिळनाडूत निलगिरीतही त्याच वर्षी दारूच्या बाटल्यांसाठी दहा रुपयांची अशी योजना सुरू झाली.

आपल्याकडे हे जमेल का? मला वाटतं जमेल. जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर केलंय, २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत आला. म्हणजे गर्दी वाढणारच. यूपीआय तर चहाच्या टपरीवरही पोहोचलंय. आणि ज्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांची ये-जा होती, जिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात, तिथे दहा रुपये डिपॉझिट घेणं काही जगावेगळं नाही. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. गावातल्या मित्रांनी मांडावाच.

तोपर्यंत एवढं करा

घरून स्टीलची बाटली न्या, खाऊ डब्यात न्या, आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक रिकामी पिशवी ठेवा. रॅपर त्यात टाकून गाठ मारायची, वाऱ्याचा प्रश्नच मिटतो. पिशवी घाटातल्या भरलेल्या पेटीवर ठेवू नका, माकडं ती फोडतात. घरी आणून घंटागाडीत द्या. आणि रील टाकताना लोकेशनसोबत ‘कचरा परत आणा’ ही एक ओळ टाका. तुमची रील बघूनच पुढची गाडी तिकडे निघणार आहे.